दोघांनाही दारू लागली, तर आधी कुणाची सोडवायची?

पलूस भागातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा थोरला भाऊ द्राक्षबाग करतो, वय ४२. वहिनी ३८ ची. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. दादा लग्नाआधीपासून अधूनमधून घ्यायचा, गेली सहा-सात वर्षं रोज घेतो. दोन वर्षांपूर्वी घरच्यांच्या लक्षात आलं की वहिनीही घेते. आता सकाळी चहाची कपबशी धरताना तिचा हात थरथरतो. ताईंची आई म्हणते, "सूनच तसली निघाली." वहिनीच्या माहेरचे म्हणतात, "तुमच्या पोरानं आमच्या लेकीला लावली." ताईंचे प्रश्न तीन. नवरा-बायको दोघांनाही दारू लागलेली अशी घरं का दिसतात? यात दोष कुणाचा? आणि आधी कुणाची सोडवायची?

ताई, मी मिरजेत व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते, त्याला बावीस वर्षं झाली. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही सहज लिहून गेलाय, "एक मात्र झालं, आता त्यांची पूर्वीसारखी भांडणं होत नाहीत." तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या उत्तराची वाट त्या वाक्यातून जाते, असं मला वाटतं. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पिणाऱ्या माणसाची बायको पुढेमागे पिणारच, असं अजिबात नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समार्फत देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात दारू घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के होतं आणि स्त्रियांचं १.६ टक्के. म्हणजे आपल्याकडे पिणाऱ्या नवऱ्यांच्या बहुतेक बायका थेंबालाही शिवत नाहीत, त्या फक्त भोगतात. माझ्यासमोर शंभर पुरुष आले तर त्यांतल्या अगदी थोड्यांच्या बायका पिणाऱ्या असतात. मात्र दारू लागलेली विवाहित बाई आली, की मी पहिला प्रश्न विचारते, "घरात आणखी कोण घेतं?" आणि उत्तर जवळजवळ नेहमी "मालक" असं येतं. नवऱ्याला दारू लागायला बायकोची सोबत लागत नाही, त्याला गावभर सोबती असतात. बाईला मात्र आपल्या समाजात पिण्यासाठी जागाच नाही. तिला ती जागा बहुतेक वेळा नवऱ्यामुळे मिळते, आणि तीही घरातच.

आता कारणांकडे येते. जगभर यावर बराच अभ्यास झालाय. नवरा-बायकोच्या पिण्याच्या सवयी योगायोगाने जुळतील त्यापेक्षा जास्त जुळतात, हे पक्कं आहे. प्रश्न असा की, सारखी माणसं एकमेकांना निवडतात म्हणून तसं होतं, की एकत्र राहून सारखी होतात? स्वीडनमध्ये प्रत्येकाची दवाखान्याची, औषधांची, गुन्ह्यांची नोंद सरकारदरबारी असते. तिथल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साडेआठ हजारांच्या आसपास जोडपी घेतली. ही अशी जोडपी होती, की लग्नाआधी दोघांपैकी कुणाच्याच नावावर दारूच्या व्यसनाची नोंद नव्हती आणि लग्नानंतर एकाच्या नावावर ती झाली. मग त्यांनी दुसऱ्याचं काय होतं ते पाहिलं. एकाची नोंद झाल्यावर लगेचच्या काळात दुसऱ्याची जोखीम कित्येक पटींनी वाढलेली दिसली, बायकांच्या बाबतीत तर दहा पटींहूनही जास्त. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती उतरली, पण पूर्वपदावर आली नाही. त्याच अभ्यासात दुसऱ्यांदा लग्न केलेली माणसंही होती. व्यसन असलेला जोडीदार जाऊन व्यसन नसलेला आला तर त्या माणसाची स्वतःची जोखीम घटली, आणि उलट झालं तर वाढली. माणूस तोच, त्याचं रक्त तेच, बदलला तो जोडीदार. निवड होतेच, पण सहवासही आपला रंग चढवतो, हे यातून स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे निवडीचा भाग वेगळा आहे. आपल्या भागात मुलगी मुलाला बारमध्ये भेटून लग्न करत नाही. स्थळ येतं, "मुलगा निर्व्यसनी" असं बायोडेटात लिहिलेलं असतं, आणि फार तर मध्यस्थ कानात सांगतो, "कधीतरी मित्रांत घेतो, एवढंच." मग सारखेपणा कुठून येणार? तो येतो घराण्यांतून. दारूचं व्यसन लागण्याच्या प्रवृत्तीत साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. आणि सांगली-साताऱ्याकडे मामाची मुलगी करायची रीत अजून पूर्ण गेलेली नाही. नवऱ्याच्या आईचे वडील आणि बायकोच्या वडिलांचे वडील हे एकच आजोबा असतील, आणि ते आजोबा पिऊन गेलेले असतील, तर तो वारसा दोघांकडेही येऊ शकतो. मी नोंदीच्या कागदावर दोन्ही घरांची वंशावळ काढते, तेव्हा कितीदा तरी दोन फांद्या वर जाऊन एकाच नावाला मिळतात. तुमच्या दादा-वहिनींचं नात्यातलं लग्न आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पण वंशावळीमुळे वाळलेलं गवत तयार होतं, ठिणगी रोजच्या जगण्यातून पडते. आणि ती कशी पडते हे मला माणसांनीच शिकवलं.

एक जोडपं सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तो टेम्पो चालवायचा, ती घरी शिवणकाम करायची. लग्नानंतरची पहिली नऊ वर्षं तो बाहेर प्यायचा. रात्री बाराला कुणीतरी गाडीवर घालून आणून टाकायचं. एकदा म्हैसाळच्या कालव्याच्या कडेला पडलेला सापडला. त्या रात्रीनंतर ती म्हणाली, "प्यायचीच तर घरात प्या. माझ्या डोळ्यांसमोर तरी राहाल." ह्या वाक्यात काय चूक आहे सांगा! जीव वाचवण्यासाठीच बोलली ती. मग तो सातच्या सुमाराला क्वार्टर घेऊन घरी यायला लागला. ती शेंगदाणे भाजायची, कधी कांदाभजी, कधी सुकट. तो म्हणायचा, "एकट्याला गोड लागत नाही, तू पण घोटभर घे." चार-पाच दिवस ती नाही म्हणाली. सहाव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फुलपात्रात कोल्ड्रिंक ओतून त्यात त्याने थोडी घातली. ग्लास नको, फुलपात्रच, कारण सासू आत आली तर पाणी पितेय असं वाटावं. तिने मला सांगितलं, "पहिल्यांदा घसा जळाला. पण मॅडम, त्या रात्री मला झोप लागली. नऊ वर्षांत अशी लागली नव्हती." आणि नंतर खालच्या आवाजात म्हणाली, "तो दोन तास माझ्याशी बोलायचा. त्याआधी कधी बोलला नव्हता."

ताई, तुमच्या त्या वाक्याकडे आता या. भांडणं का थांबली? कारण एक पितो आणि दुसरा पीत नाही, तेव्हा रोज संध्याकाळी घरात दोन बाजू असतात. दोघंही प्यायला लागले की बाजू उरत नाहीत. अमेरिकेत नवविवाहित जोडप्यांवर झालेल्या अभ्यासांतही हे दिसलंय. दोघांच्या पिण्यात मोठी तफावत असेल तर संसारातली नाराजी वाढते, आणि दोघंही सारखं पीत असतील तर निदान काही काळ ती कमी दिसते. म्हणजे दारू त्या घरात एक काम करत असते. कुठे ती भांडण मिटवते, कुठे झोप देते, कुठे वर्षानुवर्षं न झालेलं बोलणं घडवते. त्या टेम्पोवाल्याच्या घरात नवरा-बायकोला एकत्र बसायची तेवढी एकच जागा होती. तिथून दारू काढून घेतली तर तिने सांभाळलेली कामंही एका रात्रीत उघडी पडतात. हे न ओळखता नुसतं "सोडा, सोडा" म्हणत राहिलं की माणसं सोडतात आणि महिन्याभरात परत धरतात.

दुसऱ्या घरात ते काम वेगळं असतं. आपल्याकडे गळीत हंगामात बीड, धाराशिवकडून (पूर्वीचं उस्मानाबाद) आणि आपल्याच जतकडून ऊसतोडीला टोळ्या येतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल म्हणजे आगाऊ रक्कमही कोयत्यावर मिळते. एकजण आजारी पडला तरी कोयता मोडतो. पहाटे चारला उठून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन तिनेच भाकऱ्या थापायच्या. त्यांतल्या एका बाईने मला पाठ दाखवली होती. मोळीच्या वजनाने मानेखाली कातडी जाड झाली होती, टाचेला पडते तशी. ती म्हणाली, "तो घेऊन झोपतो. मला पण दुखतं की." तिला मी काय उपदेश करणार? तिला आधी अस्थिरोगाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे सगळ्या तोडणी कामगारांबद्दल कुणी समजू नये, त्यांच्यात न पिणारी माणसं भरपूर आहेत. पण जिथं दोघांचं शरीर एकाच कामाला जुंपलंय, तिथं दुखण्यावरचा तोडगाही एकच निघतो, एवढंच मला सांगायचंय.

विटा-खानापूरकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत. तिकडे तमिळनाडूत नाहीतर उत्तर प्रदेशात दुकानाच्या वरच्या खोलीत दोघंच राहतात. भाषा परकी, शेजार नाही, सण एकट्याने. तिथून परत आलेली दोन जोडपी माझ्याकडे होती. त्यांचं सगळं एकटेपणातून सुरू झालं होतं. द्राक्षवाल्यांचं तुम्ही रोजच पाहता. फळछाटणीनंतर आभाळ आलं की डाऊनी रोगाच्या भीतीने पहाटे तीनला फवारणीचा ब्लोअर चालवायचा, माल तयार झाला की दलाल पैसे बुडवून जाईल ही धास्ती, बँकेचं कर्ज डोक्यावर. नवऱ्याला झोप नाही म्हणजे बायकोलाही नाही. तुमच्या वहिनीने सुरुवात कुठे केली असेल हे मला माहीत नाही, पण तिला विचारताना "का प्यायलीस?" असं विचारू नका. "झोप कधीपासून लागत नाही?" असं विचारून बघा.

आणखी एक रस्ता आहे, त्यावर बायका सहसा बोलत नाहीत. पिऊन आलेल्या नवऱ्याजवळ रात्री जायचं असतं. वास, जबरदस्ती, किळस. काहीजणींनी मला सांगितलंय की दोन घोट घेतल्यावर ते सोसवतं. हे इथं लिहिताना मला जड जातंय, पण कुणीतरी लिहायला हवं, नाहीतर घरातल्या बाकीच्या बायका तिला 'तसली' म्हणून मोकळ्या होतात.

तर दोषाचं उत्तर असं. सुरुवात बहुतेक घरांत नवऱ्याकडून होते, हे खरं. पण "लावली" म्हणजे तोंडात ओतली असं क्वचितच असतं. दोघांनी मिळून, एकमेकांना सांभाळून घेण्याच्या नादात, एक रोजचा शिरस्ता बसवलेला असतो आणि पुढे तो शिरस्ताच दोघांना चालवतो. तुमच्या आईला एवढं सांगा, की दादा सहा-सात वर्षं रोज पितोय तेव्हा त्यांनी 'पोरगा तसला निघाला' असं एकदाही म्हटलं नव्हतं. हे भांडायला म्हणून सांगू नका. वहिनी दवाखान्यात यायला कचरते ती ह्याच शब्दापायी. पुरुष पितो तेव्हा ती त्याची सवय असते, बाई प्याली की ते तिचं चारित्र्य ठरतं. म्हणून ती तांदळाच्या डब्यात बाटली लपवते, तोंडाला मिश्री लावते, वर बडीशेप चघळते आणि चार वर्षं उशिरा डॉक्टरांकडे पोचते.

हा उशीर बाईला फार महाग पडतो. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, जठरात दारू मोडणारं विकर (एन्झाइम) ही कमी असतं. तेवढीच दारू घेतली तरी तिच्या रक्तात जास्त चढते, आणि यकृताचं नुकसान कमी वर्षांत होतं. त्या टेम्पोवाल्याच्या घरात पंधरा वर्षं पिणारा नवरा चालताबोलता होता आणि सहा वर्षं पिणारी बायको कावीळ होऊन पोट फुगलेल्या अवस्थेत माझ्यासमोर बसली होती. त्यानेच तिला आणलं होतं. तुमच्या वहिनीचे हात सकाळी थरथरतात, म्हणजे शरीराला आता ठरावीक वेळाने दारू लागतेय. याला सवय म्हणत नाहीत, हे अवलंबित्व आहे.

आता तिसरा प्रश्न. आधी कुणाची? माझं उत्तर: तपासणी दोघांची, एकाच दिवशी. कुणाचं शरीर जास्त धोक्यात आहे ते डॉक्टर ठरवतील, आणि त्यावरून दाखल कुणाला आधी करायचं ते ठरेल. माझा अंदाज विचाराल तर वहिनी. पण एकाला सोडवून आणून दुसरा पीत असलेल्या घरात ठेवणं म्हणजे ओल्या लाकडाला पावसात वाळत घालणं. एकाचे उपचार सुरू असताना दुसऱ्याचेही किमान ठरलेले तरी हवेत.

आणि कृपा करून घरच्या घरी, देवासमोर शपथ घालून, दोघांची एकदम बंद करू नका. तुम्ही लिहिलंय की दादा-वहिनी माळ घालायचं म्हणताहेत. माळेबद्दल मला आदर आहे. आपल्याकडे माळ घालून दारू सुटलेली कितीतरी माणसं आहेत, कारण माळेबरोबर त्यांना भजनाची संध्याकाळ आणि वारीची सोबत मिळते. पण रोज पिणाऱ्या शरीराची दारू अचानक थांबली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस भ्रमात जाऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, ओळख राहत नाही. यात माणूस दगावतो. एरवी अशा वेळी रात्री उठून बघणारं घरात कुणीतरी असतं. दोघांनी एकदम थांबवली तर बघणार कोण, नववीतली मुलगी? म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञ. ते त्या पाच-दहा दिवसांसाठी थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या देतात, हळूहळू कमी करतात, आणि बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शनं देतात. पोटात नीट अन्न नसलेल्या माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून गावातल्या डॉक्टरांना "हे रोज घेतात" हे लपवून सलाईन लावून घेऊ नका. दाखल होऊन परत आल्यावर माळ घाला, दोघांनी मिळून घाला, तिचा खरा उपयोग तेव्हाच होईल.

दुसरी कळकळीची विनंती. "न सांगता दारू सोडवा, चहा-भाजीतून द्या" अशा जाहिराती भिंतींवर असतात. त्या पुड्यांत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते दारू पचवण्याची वाट मध्येच अडवतं. वरून दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माहीत असलेला माणूस हे औषध घेऊन दारूपासून लांब राहतो. माहीत नसलेला माणूस पितो, आणि मरूही शकतो. तुमच्या घरात तर दोघं एकाच भांड्यातलं जेवतात. हे औषध चांगलं आहे, पण डॉक्टरांनी तपासून, माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकाम्प्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत. वहिनीच्या यकृताची तपासणी झाल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येणार नाही.

दाखल होऊन, शरीर स्वच्छ होऊन दोघं घरी आले की खरं काम सुरू होतं, आणि ते संध्याकाळी सात वाजता सुरू होतं. त्या टेम्पोवाल्याच्या घरी मी भेटीला गेले तेव्हा साडेसहापासून दोघंही अस्वस्थ. तो दारात जाऊन रस्त्याकडे बघायचा, ती उगाच भांडी हलवायची. बोलायला विषयच नव्हता. आम्ही ठरवलं की सातला जेवण. आपल्याकडे नऊला जेवायची सवय, त्यामुळे कठीण गेलं, पण भरल्या पोटी तलफ कमी होते. मग ती मशीनवर बसायची आणि तो ब्लाउजांना हुक लावायचा. ड्रायव्हरचे जाड हात, पहिल्या आठवड्यात बोटाला सुई टोचून घेतली. पण तासभर एकमेकांसमोर बसणं झालं, बोलणं झालं. ती दोन फुलपात्रं तिने मोडीत घातली. आठ महिन्यांनी टेम्पोचा हप्ता थकला आणि गाडी ओढून नेली, तेव्हा तो प्याला. त्या रात्री तिने मला फोन केला. पूर्वी ती त्याच्यासोबत बसली असती.

तुमच्या दादा-वहिनींसाठी एक साधी गोष्ट सुचवते. जोडप्यांबरोबर काम करणाऱ्यांनी ती बरीच वापरून पाहिली आहे. रोज सकाळी चहाच्या वेळी एकाने दुसऱ्याला म्हणायचं, "काल मी घेतली नाही. आज घेणार नाही." दुसऱ्याने ऐकून घ्यायचं, "बरं वाटलं" म्हणायचं आणि स्वतःचं सांगायचं. गोळी चालू असेल तर ती त्याच वेळी एकमेकांसमोर घ्यायची. त्या पाच मिनिटांत मागचं काही उकरायचं नाही आणि वर्षभराची वचनं द्यायची नाहीत. फक्त आजचा दिवस. लोकांना हे पोरखेळ वाटतं. मी पाहिलंय, ज्या घरात बावीस-पंचवीस दिवस हे नीट चालतं तिथं दोघांच्या बोलण्यातला संशय कमी होतो.

दारू सुटल्यावर भांडणं परत सुरू होतील, याची तयारी ठेवा. हे बिघडल्याचं लक्षण समजू नका. इतकी वर्षं जे बुडवून ठेवलं होतं ते वर येतं. पैशाचं हमखास येतं. बेदाण्याच्या सौद्याचे नाहीतर उसाच्या बिलाचे पैसे एकदम हातात आले की तो दिवस सगळ्यात धोक्याचा. त्या दिवशी पैसे थेट खात्यावर घ्या आणि दादासोबत कुणीतरी असू द्या. जत्रा, लग्नसराई, आखाडातली मटणाची जेवणं, ह्यांतही पहिलं वर्षभर दोघांना एकत्र न्या आणि लवकर परत आणा.

समजा फक्त एकच तयार झाला, तर? तर त्या एकाचे उपचार सुरू करा, दुसऱ्यासाठी थांबू नका. मात्र दुसऱ्याकडून एक गोष्ट कबूल करून घ्या, की घरात बाटली येणार नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि १९५१ साली त्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन निघाली, ती याच जाणिवेतून, की पिणाऱ्याबरोबर त्याचं घरही आजारी पडतं. दोन्हींच्या सभा महाराष्ट्रात मराठीत चालतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, तिथं पत्नींसाठी सहचरी गट आहे आणि व्यसनी स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन केंद्र आहे. स्त्रियांची वेगळी सोय कुठे आहे हे फोन करून आधी विचारा, कारण बहुतेक केंद्रं पुरुषांच्या हिशेबानेच बांधलेली असतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक फुकट आहेत, टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. पेशंटला हातपाय बांधून उचलून नेणाऱ्या केंद्रात मात्र दोघांपैकी कुणालाही टाकू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला विचारलीच पाहिजे. दादा हात उचलतो का? उचलत असेल तर वर लिहिलेलं एकत्र बसणं, सकाळचं बोलणं, हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्यासमोर बसवून मन मोकळं करायला सांगू नये. आधी तिची आणि मुलांची सोय, १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक, आणि दोघांचे उपचार वेगवेगळे.

राहिली मुलं. नववीतली पोर बाटल्या मोजत असणार, माझा अनुभव आहे. आई-बाबांनी काल किती घेतली हे तिला तुमच्यापेक्षा नेमकं माहीत असेल. भाऊ शाळेतून यायच्या आधी ती घर आवरून ठेवत असेल, आईसाठी कुणाचा फोन आला तर खोटं बोलत असेल. तिला कुणी विचारलेलं नाही, आणि तिने कुणाला सांगितलेलं नाही.

त्यामुळे तुम्हाला या आठवड्यात करण्यासारखं पहिलं काम दादाशी नाहीच. तुम्ही वहिनीकडे जा, सकाळी जा, तिचं डोकं जागेवर असतं तेव्हा. सासूबाई देवळात गेल्या असतील अशी वेळ बघा. दारूचं नाव काढू नका. एवढंच म्हणा, "दहा-पंधरा दिवस पोरांना मी नेते. त्यांचे डबे, शाळा, सगळं मी बघते. तू आणि दादा डॉक्टरांना दाखवून या, मी गाडी सांगते. आईशी मी बोलते." मग गप्प बसा. ती रडेल, किंवा चिडेल, किंवा म्हणेल "मला काही झालेलं नाही." काहीही म्हणाली तरी परत दोन दिवसांनी जा आणि तेच म्हणा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती विचारेल, "गाडी किती वाजता येईल?"